मायणी-येरळवाडीच्या तलावांवर पहिल्यांदा जाताय? आधी पाण्याची चौकशी करा

सातारा जिल्ह्यात निसर्ग बघायचा म्हटलं की गाड्या आपोआप पश्चिमेकडं वळतात. कास, बामणोली, कोयना. पूर्वेला खटाव-माणकडं कोणी पक्षी बघायला निघालं तर अजूनही ऐकावं लागतं, "तिकडं? दुष्काळी पट्ट्यात काय असणार?" शंका अगदीच वावगी नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. पण हिवाळ्यात लांबून येणाऱ्या पाणपक्ष्यांना खोल धरण फारसं कामाचं नसतं. त्यांना लागतं उथळ पाणी, चिखल आणि सावकाश मागं सरकत जाणारा काठ. माळावरच्या पसरट तलावांमध्ये नेमकं तेच मिळतं.

खटाव तालुक्यात येरळा नदीच्या खोऱ्यात असे तीन तलाव आहेत. मायणीचा जुना ब्रिटिशकालीन तलाव, येरळेवरचं येरळवाडी धरण आणि सूर्याचीवाडीचा तलाव. हा सगळा परिसर २०२१ साली राज्य सरकारनं पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. घरच्यांना किंवा शाळेच्या मुलांना घेऊन तिथं पहिल्यांदाच जायचा विचार असेल, तर पुढचं वाचून घ्या.

ठिकाण कसं आहे

तिकीटखिडकी, गाईड, पायवाटेला रंगवलेले दगड आणि शेवटी कॅन्टीन, अशा तयार उद्यानाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. हे तलाव वापरातले आहेत. त्यांच्या पाण्यावर शेती आहे, विहिरी आहेत, मासेमारी आहे, म्हशी डुंबायला येतात. पाणथळ जागेचं शिक्षण घ्यायला मला तरी हेच बरं वाटतं. काचेआड मांडलेल्या प्रतिकृतीपेक्षा इथं पाणी, पक्षी आणि पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून असलेली माणसं एकाच नजरेत मावतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मुलांना ती पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. आपण २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन पाळतो तो त्यामुळंच. त्या कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशा दोन्ही पाणथळ जागा येतात. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतून वगळले. म्हणजे लांबून आलेली बदकं मायणीच्या तळ्यावर उतरतात, त्यांच्या दृष्टीनं ती पाणथळ जागा आणि त्या नियमांच्या दृष्टीनं नुसता पाटबंधाऱ्याचा तलाव! म्हणून 'संवर्धन राखीव' या शिक्क्याला महत्त्व आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्यातून येतो. १९७२ च्या या कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन हा प्रकार आला. अशा राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी घ्यावा, असं कायदाच सांगतो. तेव्हा काठावर भेटणारा गावकरी तुमच्याइतकाच, खरं तर तुमच्यापेक्षा जास्त हक्काचा आहे, हे डोक्यात ठेवूनच गाडीतून उतरा.

पहिलं काम: पाणी किती आहे ते विचारणं

नवखे लोक विचारतात, "सध्या पक्षी आलेत का?" विचारायचं असतं, "तळ्यात पाणी किती आहे?" पाण्याचा अंदाज आला की कोणते पक्षी भेटतील हे बरंचसं घरबसल्या सांगता येतं.

पाऊस चांगला झाला आणि तलाव काठोकाठ भरला, तर नोव्हेंबरात तुम्हाला नुसतं निळं पाणी दिसेल. मधोमध वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके, एखादा पाणकावळा आणि काठच्या बाभळीवर बगळे. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच नसते. अशा वर्षी घाई करू नका. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी उतरलं की फुगवट्याच्या वरच्या अंगाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथं गर्दी सुरू होते. उलट पाऊस बेताचा झाला असेल तर डिसेंबर गाठा, फेब्रुवारीपर्यंत तळ्याचं डबकं झालेलं असायचं. पावसानं पाठच फिरवली तर तलाव हिवाळ्याआधीच आटतो. अलीकडे उपसा सिंचनाचं पाणी या दुष्काळी भागात फिरू लागल्यापासून हे गणित आणखी बदललंय. एरवी पाणी उतरायचं त्या महिन्यातही तलाव भरलेला सापडू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सोन्याहून पिवळं, चिखलात चरणाऱ्या तुतारी पक्ष्यांची मात्र अडचण.

तिन्ही तलावांचा विचार एकत्र करायचा तो यासाठीच. एकात पाणी जास्त झालं किंवा एक आटला, की पक्षी दुसरा जवळ करतात. नाव मायणीचं मोठं असलं तरी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येरळवाडी आणि सूर्याचीवाडीकडूनच जास्त येतात. केवळ मायणी बघून "काहीच नव्हतं" म्हणत माघारी फिरणारे बरेच भेटतात.

चौकशी कोणाकडं करायची? वडूजच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक फोन, आणि मायणी परिसरात कोणी ओळखीचे शिक्षक किंवा शेतकरी असतील तर दुसरा. ओळख नसेल तर सकाळी चहाच्या टपरीवर विचारा. नेमकं उत्तर मिळतं.

"काका, तळ्यात पानी किती हाय औंदा?"

"वरल्या अंगाला गुडघाभर. भिंतीकडं हाय की हत्ती बुडंल येवढं."

एवढ्या दोन वाक्यांवर आपण भिंतीकडं जायचं की वरच्या अंगाला, ते ठरतं.

जायचं कसं

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज करत मायणी. स्वतःची गाडी असेल तर दोन तासांच्या आसपास धरा. येरळवाडी वडूज-मायणीच्या टापूतच येतं, त्यामुळं जाताना एक आणि येताना एक असे तलाव करता येतात. सांगलीकरांनी तासगाव, विटा धरून यावं. कराडहून शामगाव घाट आणि पुसेसावळीचा रस्ता आहे. पुण्याकडून फलटण-दहिवडी मार्गे येणं बरं. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, त्या दिवसांत तिथून गाडी काढणं म्हणजे दिव्य असतं. तारखा आधी बघा.

एसटी वडूजला आणि मायणीला येते, पण पहाटे काठावर पोचायचं असेल तर एसटीचा भरवसा नाही. आदल्या रात्री वडूज किंवा विट्याला मुक्काम करून सकाळी रिक्षा नाहीतर जीप ठरवा. शाळेची बस नेणार असाल तर ती तलावाच्या कच्च्या रस्त्यावर घालू नका. काळ्या मातीत रुतलेली बस काढायला ट्रॅक्टर लागतो आणि तोवर पक्ष्यांची शाळा सुटलेली असते.

नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. त्यातही डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर उत्तम. सूर्य उगवायच्या सुमारास काठावर असायला हवं. दहा वाजल्यानंतर पाण्यावर ऊन चकाकायला लागतं, वारा सुटतो, पक्षी डोकं पंखात खुपसून बसतात. संध्याकाळी चारनंतर पुन्हा बरं. दुपारी तलावावर बसण्यात अर्थ नाही. सरळ वडूजला जाऊन जेवा.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण हवीच. आठ बाय बेचाळीस मापाची नवख्याला सगळ्यात सोयीची, कारण ती हातात हलत नाही आणि तिच्यातून एका वेळी दिसणारा भागही मोठा असतो. दहापटीची घेतली तर पक्षी जवळ दिसतो, पण हात थरथरला की तोही थरथरतो. चार माणसांत एक दुर्बीण म्हणजे भांडणाला निमंत्रण, दोघांत एक पुरते. शाळेत एखादी स्टँडवरची दुर्बीण मिळाली तर सोन्याहून सोनं.

कपडे मातकट रंगाचे. शाळेचा पांढरा शर्ट आणि लाल टोपी नको. खटावची जानेवारीतली पहाट चांगलीच बोचरी असते, कानटोपी विसरू नका. पायात जुने बूट, कारण वाळलेला दिसणारा काळा चिखल वरून पापडासारखा असतो आणि आत पाय घोट्यापर्यंत जातो. पाणी घरून न्या. वही, पेन्सिल, एक पांढरी प्लास्टिकची थाळी, चहाची मोठी गाळणी, हातभर दोरी आणि खुणा केलेली काठी. या शेवटच्या सामानाचं काय करायचं ते पुढं येतंय. खाण्यासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा फडक्यात बांधून नेला तर कचऱ्याचा प्रश्नच उरत नाही. कुरकुऱ्यांची पाकिटं काठावर फोडू नका. वाऱ्यानं एक जरी उडालं तरी ते थेट पाण्यात जातं.

काठावर पोचल्यावर

ऊन पाठीशी ठेवा. म्हणजे सकाळी पूर्वेकडच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेकडच्या. उन्हाकडं तोंड करून बघितलं तर सगळी बदकं सारखीच काळी दिसतात. गाडी लांब लावा, दारं आपटू नका आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर बाभळीच्या किंवा बांधाच्या आडोशाला खाली बसा. उभा माणूस पक्ष्यांना फार लांबून कळतो. पहिली पंधरा मिनिटं कोणी दुर्बीणसुद्धा उचलायची नाही, असा नियम मुलांना घालून द्या. आपण आलो तेव्हा टिटवीनं बोंब ठोकलेली असते. ती गप्प झाली की आपली दखल घेणं थांबलं असं समजायचं.

मग बघायला सुरुवात करायची ती काठापासून. नवख्यांची नजर थेट मधल्या मोठ्या थव्याकडं जाते आणि पायापाशी काय चाललंय ते राहून जातं. माझी पद्धत अशी, की तलावाचे पाण्याच्या खोलीप्रमाणे पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडं वाचत न्यायचा.

पहिला पट्टा, ओलसर माती. इथं टिटवी, शेपटी वरखाली नाचवणारा धोबी, कधी काळा शराटी. दुसरा पट्टा, नखभर पाण्याचा चिखल. इथं तुतारीच्या जातीचे छोटे, मातकट पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत चालतात. हे ओळखायला अवघड. भले भले इथं हात टेकतात, तेव्हा पहिल्या भेटीत "तुतारी, जात कळली नाही" एवढं लिहून पुढं जा.

तिसऱ्या पट्ट्यात पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि खरी मजा इथं असते. शेकाट्याचे गुलाबी-लाल पाय इतके लांब, की उडताना ते शेपटीमागं काठीसारखे लोंबतात. त्याच्या शेजारी चमचा चोच पाण्यात घालून मान डावी-उजवीकडं विळ्यासारखी फिरवत चालतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून वाट बघतो आणि मासा लागला की मिटतो. उघड्या चोचीचा करकोचा शिंपले, गोगलगायी शोधत असतो. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमधून पलीकडचं दिसतं, दुर्बिणीतून ती फट मुलांना दाखवा. चौघंही एकाच पाण्यात उभे, पण चोचीचा आकार वेगळा म्हणून ताटात वाढलेलं वेगळं. अन्नसाखळीवरचा धडा वर्गात महिनाभर शिकवून जे डोक्यात शिरत नाही, ते इथं अर्ध्या तासात कळतं.

चौथ्या पट्ट्यात तरंगणारी बदकं. त्यांत थापट्या ओळखायला सोपा, फावड्यासारखी रुंद चोच पाण्यावर टेकवून एकाच जागी गोल गोल फिरतो. तलवार बदकाच्या नराची शेपटी टोकदार आणि मान उभी पांढरी. भगव्या-बदामी रंगाची मोठी जोडी दिसली तर ती ब्राह्मणी बदकाची. पाचवा पट्टा खोल पाण्याचा, बुडी मारणाऱ्यांचा. टिबुकली "आत्ता होती, कुठं गेली?" करायला लावते आणि पाणकावळा मासा पकडून वर आला की खुंटावर पंख पसरून वाळत बसतो. वारकरी या दोन्ही पट्ट्यांत. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. नाव कोणी ठेवलं असेल ते असो, बसलंय चपखल.

दुसऱ्यांदा येणार असाल तेव्हा हेच पट्टे पुन्हा वाचा. पाणी हातभर उतरलं की पाचही पट्टे आत सरकलेले असतात आणि पक्ष्यांची मांडणी त्यांच्याबरोबर सरकलेली असते.

पट्टेकदंबांचं वेगळं सांगायला हवं. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असलेले हे राखी हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडं वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. त्यांना बसवलेल्या उपकरणांवरून सात हजार मीटरच्या वर उडाल्याच्या नोंदी मिळाल्या आहेत. दिवसा ते पाण्याकाठी आराम करतात आणि चरायला बहुधा रात्री शेतात जातात. त्यामुळं "हे हंस हरभरा खातात" ही शेतकऱ्याची तक्रार ऐकली तर हसण्यावारी नेऊ नका. कांड्या करकोच्यांचे थवे आले असतील तर त्यांच्याबाबतही हेच.

रोहित दिसले तर

बहुतेकांची पावलं इकडं वळतात ती रोहितासाठी. चार-पाच फूट उंचीचा हा पक्षी आपल्याकडं वीण करतो ती कच्छच्या रणात. इथं येतो तो उथळ पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, पाय जागच्या जागी हलवून चिखल ढवळतो आणि चोचीतल्या चाळणीतून पाणी गाळून बाहेर टाकतो. गुलाबी रंग त्याच्या अन्नातल्या रंगद्रव्यातून येतो. थव्यात मळकट राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्लं, आणखी काही वर्षांनी रंगात येतील.

त्याला उडायला लावू नका. उडतानाचा गुलाबी-काळा पंख फोटोत छान येतो हे खरं, आणि त्या एका फोटोसाठी दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे, पाण्यात शिरणारे लोक दर हंगामात दिसतात. एवढ्या मोठ्या पक्ष्याला हवेत उठायला पाण्यावरून धावत जावं लागतं. दिवसातून चार-पाच वेळा असं उठवलं की चरायला मिळायचा वेळच संपतो, आणि मग थवा तलाव सोडून जातो. ड्रोन तर आणूच नका. पक्ष्यांना ती घार वाटते. थव्यातल्या माना एकदम उभ्या झाल्या, सगळे एका दिशेला चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलोय. तिथंच थांबायचं आणि मागं सरकायचं.

मुलांना हाताला कामं

तासभर नुसतं बघत बसणं मोठ्यांनाही जमत नाही. तेव्हा तीन कामं द्या, सगळी काठावरून होणारी. पाण्यात कोणी उतरायचं नाही. गाळ कुठं किती खोल आहे ते वरून कळत नाही. बांधाच्या दगडी कडेशी, एक मोठं माणूस शेजारी ठेवून.

थाळी आणि गाळणी. काठच्या गवताच्या मुळाशी गाळणी दोन-तीनदा फिरवा आणि आत आलेलं थाळीत थोड्या पाण्यात उलटं करा. पांढऱ्या थाळीत मिनिटभरानं हालचाल सुरू होते. वल्ह्यासारखे पाय मारणारे पाणकिडे, शंखातल्या गोगलगायी, आणि नशीब असेल तर चतुराचं पिल्लू. हे पिल्लू पंख नसलेलं, मातकट, सहा पायांचं. खालचा ओठ पुढं फेकून भक्ष्य पकडतं. उडणारा चतुर सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो आधी पाण्यात राहतो हे पाहिल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. झालं की थाळी होती तिथंच हलकेच ओता.

दुसरं, गढूळपणा. डब्याच्या पांढऱ्या झाकणाला काळ्या रंगानं समोरासमोरचे दोन पाव भाग रंगवा, मधून दोरी ओवा, खाली वजन बांधा आणि पाण्यात सोडा. झाकण दिसेनासं होईल तिथं दोरीला गाठ मारा. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं समुद्रावर केलेला हा प्रयोग जगभर आजही याच पद्धतीनं करतात. बांधाच्या भिंतीजवळ आणि नाला येऊन मिळतो तिथं, अशा दोन जागी केलात तर दोरीवरच्या दोन गाठींतलं अंतर बोलकं असतं. मग विचारा, फरक का पडला? माती कुठून वाहून आली? सांडपाणी कुठून येतंय? पाण्यात खत-सांडपाण्याचा अंश वाढला की जलपर्णी कशी फोफावते, हा विषय आपोआप निघतो.

तिसरं काम खुणेच्या काठीचं. पाण्याची कड जिथं आहे तिथं काठी रोवून जागा वहीत आखून ठेवा. जवळपासच्या शाळेनं तर हे दर आठवड्याला करावं. हिवाळाभर कड किती सरकली याचा आलेख वर्गाच्या भिंतीवर लावला की भूगोल, गणित आणि पाण्याचा हिशोब एकदम होतो.

काठावरची माणसं

पाणी उतरतं तशी उघडी पडणारी जमीन कसायची पद्धत इथं जुनी आहे. तिला गाळपेर म्हणतात. गाळाच्या ओलीवर कडवळ, मका, कलिंगड येतं. म्हणजे पक्ष्यांच्या चिखलाचा पट्टा आणि गाळपेरीचा पट्टा एकच. कोणाची पेरणी कुठवर, यावरून कुरबुरी होतात आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात. गाळपेरीतून चालत जाऊ नका, बांधावरून जा. मासेमारांची जाळी काठावर पसरलेली असतात, त्यांना हात लावू नका आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय परतू नका. कुठल्या महिन्यात कोणता पक्षी, कुठली जागा आधी आटते, हे त्यांना पुस्तकापेक्षा चोख माहीत असतं. मेंढरांचा कळप बसलेला असेल तर राखणीच्या कुत्र्यांपासून अंतर ठेवा आणि आधी मेंढपाळाला हाक मारा.

मोठा गट असेल, म्हणजे शाळेची सहल वगैरे, तर वन विभागाला आधी लेखी कळवा आणि गावच्या शाळेलाही. गावातली चार मुलं तुमच्या मुलांबरोबर घेतली तर वाटाड्याचं काम तीच करतात. एका वेळी काठावर पंधराच्या वर मुलं नकोत. बाकीच्यांना बांधाखाली झाडं, शेतं बघायला पाठवा आणि अदलाबदल करा.

जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजायला किंवा घरी न्यायला जाऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पायात कडं असलेला पक्षी दिसला तर रंग, पाय कोणता आणि अक्षरं लिहून घ्या, जमलं तर फोटो. त्यावरून तो कुठून आला ते शोधता येतं.

नोंदी

घरी आल्यावर वहीतली यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. नाव, तलाव, वेळ आणि आकडा. आकडा मोजता आला नाही तर दहा-दहाचे गठ्ठे धरून अंदाज करायचा. एखादाच पक्षी पाहिला तरी ती नोंद कामाची, आणि "आज रोहित नव्हते" हेही तितकंच कामाचं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तिच्यात नवख्यांनाही सामील होता येतं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांची ही दोन टोकं. शाळांना सहल काढायला निमित्त चांगलं आहे, पण तलाव भरलेला असेल तर त्या आठवड्यात काठावर फार काही मिळणार नाही. त्या दिवसांत वर्गात ओळख करून द्या आणि सहल जानेवारीत काढा.

तलाव कोरडा निघाला तर

असंही होतं. मग पहिल्यांदा बाकीचे दोन तलाव बघून या. तेही आटले असतील तर दिवस वाया घालवायचं कारण नाही. तळाच्या भेगाळलेल्या मातीवर पायाचे ठसे, रिकामे शंख, शिंपले, वाळलेलं पाणकणीस शोधता येतं. भोवतीच्या माळावर चंडोल, भोवत्या आणि लांडोरी असतात. परतीच्या वाटेवर औंध फार लांब नाही. यमाईचा डोंगर आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय दोन्ही होतं. संग्रहालय सुट्टीच्या दिवशी बंद असतं, तेव्हा निघायच्या आधी तोही एक फोन करून ठेवा.